गच्चीवरची राखण

तीन दिवस पाण्यात भिजलेल्या गव्हाला आधी आंबूस वास येतो. वाटून गाळल्यावर तो दुधाळ होतो, आणि चीक पातेल्यात शिजू लागला की त्यात हिंगाची एक बारीक रेघ उमटते. चैत्र सरता सरता संगमनेरच्या आमच्या कॉलनीत हा वास घरोघर फिरतो; आज या घरी, परवा त्या घरी. जिथे तो, तिथे त्या सकाळी सगळ्या बायका. कारण कुरडई हे एकटीचं काम नाही. एकीने उकळत्या पाण्यात चीक ओतायचा, दुसरीने गुठळी होऊ न देता घोटायचा, तिसरीने चटके सोसत गोळा सोऱ्यात भरायचा, आणि बाकीच्यांनी तो निवायच्या आत कापडावर वेटोळी घालायची. निवलेला चीक सोऱ्यातून उतरत नाही. म्हणून हाक आली की जायचं आणि आपल्या दिवशी हाक द्यायची, असा हा न बोललेला रिवाज.

मी इथल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. आजोबांच्या पिढीने धम्म स्वीकारला. आमच्या पुढच्या खोलीतली बुद्धाची मूर्ती फाटकातूनही दिसते. या कॉलनीत घर बांधून आई आणि मी राहायला आलो, आणि पहिल्याच उन्हाळ्यात मला हाक आली तेव्हा मी मनापासून सुखावले होते. समोरच्या वहिनींकडे कुरडया होत्या. त्या मूळच्या शेतकरी घरातल्या, बोलायला मोकळ्या, हसायला त्याहून मोकळ्या.

"मॅडम, तुम्ही आपल्या वर गच्चीवर बसा. कावळे फार झालेत औंदा."

"मी सोऱ्या फिरवते की."

"खडू धरायची बोटं तुमची. भाजली तर पोरांना शिकवणार कोण?"

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि जिना चढले.

गच्चीवर ओल्या सुती साड्या अंथरलेल्या असत. त्यांवर पांढरी, ओलसर वेटोळी, आणि त्यांच्यावरून सरकणाऱ्या कावळ्यांच्या सावल्या. तापत्या स्लॅबची धग तळव्यांतून पोटरीत चढायची. मी हातात काठी घेऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायची. खालून भांड्यांचा, बांगड्यांचा, हसण्याचा आवाज येई, आणि मला वाटे की मीही त्या आवाजातलीच आहे, फक्त एक जिना वर. दोन उन्हाळे मी ज्या ज्या घरी गेले त्या त्या घरची गच्ची राखली. प्रत्येक घरातून मला वाळलेल्या कुरडयांची पुरचुंडीही मिळे. आईने एकदा डबा भरताना नुसतं विचारलं, "समद्यांच्या घरचं आपल्याकडं येतंय. आपल्या घरचं कुठं जातंय गं?" शेवगावकडच्या वस्तीत तिचं आयुष्य गेलेलं. मी तिला म्हटलं होतं की तू फार जुनं मनात धरतेस.

तिसऱ्या उन्हाळ्यात वहिनींच्याच गच्चीवर राखणीला बसले असताना वारा सुटला. साड्यांची टोकं फडफडू लागली म्हणून वीट मागायला मी खाली आले. स्वयंपाकघरात गोळा निवत चालला होता, सोऱ्या रिकामा पडला होता, आणि भरणारी बाई मुलाला पाणी द्यायला उठली होती. काम अडलं होतं. मी सोऱ्या उचलला आणि गोळा आत दाबला.

घोटणारा हात थांबला, एवढंच. वहिनींनी अतिशय मायेने माझ्या हातून सोऱ्या काढून घेतला. "अहो भाजेल ना मॅडम." आतला गोळा त्यांनी एका ताटलीत काढला. "हा पोरांना खाऊ द्या गरम गरम." मी वीट घेऊन जिना चढले. अर्ध्या जिन्यात मागच्या अंगणातला नळ सुटल्याचा आवाज आला आणि पितळेवर घासणी फिरू लागली. सोऱ्या धुतला जात होता. काम अजून निम्मंही झालेलं नव्हतं.

त्यानंतर वर्षभर मी त्या आवाजाशी भांडत राहिले. तक्रार करावी तर कशाची? शिवी कुणी दिली नव्हती. दार कुणी लावलं नव्हतं. उलट, दुसरा चहा ओतता ओतता न विचारता प्रत्येकीने मला सांगितलेलं होतं, "आम्ही नाही हो असलं काही मानत." एकीच्या सासूबाई मानायच्या, पण त्या आता नाहीत. दुसरीच्या गावाकडचे मानतात. तिसरी म्हणायची, बाकीच्यांचं मन राखावं लागतं. मग हे राहतं कुठे? प्रत्येक घरातून ते केव्हाच निघून गेलेलं, आणि तरी मी जिथे जाईन तिथे माझ्या आधी येऊन बसलेलं. भिंत असती तर तिच्यावर हात तरी टेकवता आला असता, डोकं तरी आपटता आलं असतं. हे धुक्यासारखं, मूठ मारावी तर आपलाच खांदा निखळतो. शब्द शिकवणं हा माझा पेशा, आणि ज्याने मला जिन्यावरून वर पाठवलं त्याच्यासाठी एक शब्द कुणाच्या तोंडून निघत नव्हता.

म्हणून या वर्षी मी हाक दिली. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: रविवारी आमच्याकडे कुरडया, सगळ्यांनी या. अंगठे आले, जोडलेले हात आले, गुलाबाची फुलं आली. आई गहू निवडत होती.

"लई मान्सं येनार म्हनून लई भिजवू नको, बाई."

"येतील गं."

"येतील की. पन पायली नको. आपल्या दोघींला झेपंल एवढं घे."

मी तिचं ऐकलं नाही.

रविवारी उजाडताच मी पातेलं चढवलं. आठ वाजले, ऊन गच्चीच्या कठड्यावर आलं. मग मोबाईल वाजू लागला. कुणाच्या भाच्याची सुपारी फुटत होती. कुणाची पाठ धरली होती. कुणाकडे अचानक पाहुणे आले होते. प्रत्येक कारण खरं असू शकेल असं, स्वच्छ आणि गोड. गाळलेला चीक दुपारपर्यंत थांबला असता तर आंबट झाला असता. आई घोटायला बसली, मी ओतू लागले. तिच्या दंडांची कातडी थरथरत होती.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. समोरच्या वहिनी होत्या. हात कडीवर, पाय रस्त्यावर.

"एकट्याच का मॅडम? अगंबाई." त्यांनी आवाज खाली आणला. "एक सांगू? तो चीक आमच्याकडे आणा. माझ्या गॅसवर शिजवू. माझ्याकडं म्हटलं की सगळ्या येतील. घडीभरात उरकेल."

"चीक हाच ना?"

"हाच की."

"मग?"

"मला काही नाही हो," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांचं असतं."

त्यांना खरोखर माझी दया आली होती. तेच मला सोसवेना. माझा चीक त्यांच्या घरी कुरडई होणार होता, माझ्या घरी नाही; मधे फक्त एक डांबरी रस्ता. मी काही उत्तर देणार तोच आतून आई ओरडली, "खाली लागतंय गं, ये लवकर." मी गेले. परत आले तेव्हा फाटक मोकळं होतं.

निम्मा चीक निवून सोऱ्यात अडकला. उरलेल्याच्या वेड्यावाकड्या कुरडया झाल्या. आई भिंतीला टेकून मनगटं चोळत म्हणाली, "वाकड्याबी तळल्यावर फुलत्यात." त्या दुपारी गच्चीवर मी माझ्याच कुरडया राखल्या. कावळे आले. त्यांना काही वावडं नव्हतं.

कुरडया खडखडीत वाळल्यावर मी रिवाजाप्रमाणे डबा भरला आणि रस्ता ओलांडला. वहिनी ओट्यावर एकट्याच बसून हरभरा पाखडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्यांनी डबा दोन्ही हातांत घेतला.

"कशाला एवढ्या, मॅडम. आम्ही तर काही..."

"सासूबाईंचं नका सांगू," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "कॉलनीचंही नको. तुमचं सांगा. तुम्ही मानता की नाही?"

त्यांनी डब्याकडे पाहिलं. झाकणावर अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. सुपातलं फोलपट वाऱ्याने उडून माझ्या पायांवर आलं. नेहमीचं वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं, आणि परत गेलेलंही दिसलं. मग मान वर न करता त्या म्हणाल्या,

"मानते."