संध्याकाळची घंटा होईपर्यंत

विजयाची पहिली बाटली फुटली तेव्हा एवारिस्तो माझुकेल्ली तळ्याकडे बघत होता. हातातल्या पेल्यातली वाइन तशीच होती.

चाकांच्या जागी दोन लाकडी होडगी लावलेलं त्यांचं विमान शर्यतीत पहिलं आलं होतं. चषक मात्र अजून मिळायचा होता. उतरल्यावर विमानाने संध्याकाळची घंटा होईपर्यंत तळ्यात दोरीला बांधून तरंगायचं, असा नियम. पंख पाण्याला टेकला की शर्यत गेली. बाहेरच्याने हात लावायचा नाही. वैमानिक वर बसला तर चालेल.

होडगी एवारिस्तोने केली होती. तो नावा बांधणाऱ्या सुताराचा मुलगा. दिवसभर रंधा मारून रात्रीच्या शाळेत शिकला, इंजिनियर झाला. अजूनही फळीवरून हात फिरवल्याशिवाय कागदावर रेघ ओढत नसे.

"मयताला आल्यासारखा काय उभा आहेस?" इंजिनवाल्या सार्तिरानाने त्याच्या पाठीत थाप मारली. "पी की लेका!"

"डावं होडगं बघ."

सार्तिरानाने बघितलं आणि पेला खाली ठेवला. होडग्यावरची लाल रेघ पाण्याखाली गेली होती. वैमानिक फोस्को उजव्या होडग्यावर पाय सोडून बसला होता, काठावरच्या पोरींना टोपी हलवून दाखवत होता. त्याला काही पत्ता नव्हता. त्याच्या वजनानेच विमान सरळ होतं.

"बसलाय तोवर ठीक आहे," सार्तिराना पुटपुटला. "गप्प राहा. कारखान्याचे मालक इथेच आहेत. पुढच्या विमानाचं काम हातचं जाईल तुझं."

तेवढ्यात बँड वाजायला लागला. नगराध्यक्ष हार घेऊन नावेत चढले. फोस्कोला विजयाच्या जेवणाला काठावर आणायचं होतं. वल्ही पडली, नाव निघाली. फोस्को उठून उभा राहिला.

एवारिस्तोने पंचाच्या हातातला कर्णा हिसकावला.

"बँड बंद करा! फोस्को, खाली बस! डावं होडगं गळतंय! माझं होडगं गळतंय!"

बँड थांबला. मालकांनी मान वळवून त्याच्याकडे एकदाच बघितलं.

फोस्को मटकन बसला. पाणी चढतच होतं. मग तो पंखाच्या आधाराच्या दांडीला लोंबकळून उजवीकडे जमेल तेवढा बाहेर झुकला. नगराध्यक्षांची नाव तिथेच थांबली.

"पाव फेकू का रे, फोस्को?" काठावरून कोणीतरी विचारलं.

"काही फेकू नका!" पंच ओरडला.

"साहेब, घंटावाला मेला का?" फोस्को कळवळून म्हणाला. कोणी हसलं नाही. डावा पंख पाण्यापासून वीतभर राहिला होता.

घंटा झाली. पंचाने निशाण खाली केलं. फोस्कोचे हात सुटले, तो पाण्यात पडला आणि विमान सावकाश डावीकडे लवंडलं. काठावर एकच जल्लोष झाला.

जेवणाच्या टेबलावर मालकांनी पेला उंचावून फोस्कोचं नाव घेतलं, सार्तिरानाचं घेतलं, आणि खाली बसले. एवारिस्तो तिथे नव्हताच. छातीभर पाण्यात उभा राहून तो विमानाला दोर बांधत होता. सार्तिराना जेवण टाकून बुटांसकट आत उतरला.

"पुढची होडगी दुसऱ्याला देणार म्हणतायत."

"देऊ देत. हे आधी काठाला लागलं पाहिजे. ओढ."