कोण कुठे आहे

रमाकांत शिर्क्यांना नंदेसरीच्या त्या रसायनांच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी साहेबांचं ऐकलं असेल-नसेल, पंपांचं मात्र ऐकलं. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर काढायचा, टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. आत काय घासतंय, कुठलं ग्रीस सुकलंय, ते दांड्यातून कानात येतं. नवे इंजिनिअर हसत. पण पंप बंद पडण्याआधी चार दिवस रमाकांत सांगून मोकळे होत, आणि चौथ्या दिवशी हसणारे गप्प होत. शहरात अकोट्याच्या घरी बायको स्नेहलताबाई म्हणत, "पंपाला पडसं झालेलं यांना लगेच कळतं. मी आठ दिवस खोकतेय, ते नाही."

असा हा निरुपद्रवी माणूस, पण मनात एक सल होता. कारखान्याच्या गेटवर तेव्हा एक लाकडी फळा असे. आत येताना प्रत्येकाने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, सुटताना काढायचा. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी अमोनिया सुटला, सगळे बाहेर पळाले आणि सतरा नंबरचा बिल्ला फळ्यावर तसाच राहिला. तो जशुभाई परमारांचा. माणूस आत आहे एवढं फळ्याने सांगितलं, कुठे आहे ते कोण सांगणार? चाळीस मिनिटांनी जशुभाई टाकीमागे सापडले. तोवर उशीर झाला होता.

म्हणून गेल्या वर्षी कंपनीने गळ्यात घालायची नवी कार्डं आणली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद रमाकांतना झाला. कार्मिक विभागाचा धवल, बोलायला गोड, त्याने सभेत सांगितलं की आता वायू सुटला तर कोण कुठे आहे ते पडद्यावर दिसेल. कामगारांनी नाकं मुरडली. आज गळ्यात पट्टा, उद्या साखळी, असं कुणी कुणी म्हणालंही. तेव्हा हे गृहस्थ शिफ्टच्या बसमध्ये सीटमागून सीट फिरले. ज्याच्या-त्याच्यासमोर उभं राहून म्हणाले, "जशुभाई आठवतात ना? मग घाला. माझ्यावर विश्वास ठेवून घाला." साहेबांवर कुणाचा विश्वास नव्हता, रमाकांतवर होता. सगळ्यांनी घातली. गेटवरचा फळासुद्धा रमाकांतनी स्वतःच्या हाताने उतरवला आणि भंगारात दिला. सतरा नंबरचा बिल्ला तेवढा घरी नेऊन देवघरात ठेवला. आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा हे शिकायचं असेल तर इथे शिकावं.

दोन महिन्यांत नोटीस बोर्डावर रोज सकाळी एक कागद लागू लागला. नाव, आणि नावापुढे आदल्या दिवशी तुम्ही किती मिनिटं एका जागी उभे होतात, संडासात किती वेळा गेलात, चहाला किती वेळ घेतलात. बायाबापड्या भाजीवाल्याभोवती जमतात तशी मंडळी घोळक्याने तो कागद वाचत, आणि प्रत्येकजण आधी स्वतःचं नाव शोधून मग मान खाली घालत असे. कागदाच्या जोरावर माणसं कमी झाली. उरलेल्यांना बारा-बारा तास, आणि पुढच्या शिफ्टचा कुणी आला नाही तर सोळा. रमाकांतना पत्र आलं: आठवड्यात चार तास दहा मिनिटं विनाकारण उभे. ते पंप ऐकत होते हे यंत्राला कुठून कळणार, आणि ज्यांना कळत होतं ते बोलले नाहीत.

सर्वांत वाईट गत मुकुंदची. पस्तिशीचा, कंत्राटावरचा, साखरेचा आजार. त्याला तासाला लघवीला जावं लागे. त्याला दोन पत्रं मिळाली आणि तिसऱ्याला घरी, असं तोंडी सांगण्यात आलं. मग तो कूलिंग टॉवरमागच्या जुन्या, पडक्या संडासात जाऊ लागला. तिथे कार्ड टिपणारं यंत्र बसवलेलं नव्हतं. रमाकांतनी त्याला दोनदा तिकडे वळताना पाहिलं आणि काही बोलले नाहीत. रात्री स्नेहलताबाईंपाशी मात्र बोलले, "चुकलं माझं, हे कार्ड गळ्यात घालायला सांगून. पण एक आहे. वेळ आली तर माणूस सापडेल. जशुभाईंसारखं होणार नाही." या एका वाक्यावर ते दिवस काढत होते.

ती वेळ मार्चमध्ये आली, सकाळी अकराला. अमोनियाच्या नळीचा एक जोड सुटला, भोंगा झाला, सगळे गेटजवळच्या लिंबाखाली जमले. मोजले तर अडतीस. हवे होते एकोणचाळीस. मुकुंद नव्हता. आदल्या संध्याकाळपासून तो कामावर होता, सोळावा तास चालू होता.

रमाकांत धावत धवलकडे गेले. धवल लॅपटॉप छातीशी धरून उभा होता.

"उघड ते. मुकुंद कुठे आहे बघ."

"काका, एमां..." धवलने ओठांवरून जीभ फिरवली. "काका, त्यात आत्ताचं दिसत नाही."

"म्हणजे?"

"रिपोर्ट उद्या सकाळी येतो. आत्ता कोण कुठे आहे ते दाखवायची सोय वेगळी घ्यावी लागते. मुख्य ऑफिसने ती घेतलीच नाही. आपण फक्त वेळ मोजायची घेतली."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

रमाकांतना भोंगा ऐकू येईना. पहिल्यापासून. म्हणजे सभेत हा सांगत होता तेव्हाही, बसमध्ये आपण माणसांपुढे मेलेल्या मित्राचं नाव घेत होतो तेव्हाही. वर्षभर सगळी माणसं गळ्यात जे घालून फिरली त्याने त्यांची लघवी मोजली, आणि जीव वाचवायच्या कामाला ते कधी लागणारच नव्हतं. धवलवर हात उगारावा एवढीसुद्धा शुद्ध त्यांना राहिली नाही.

मग एकदम आठवलं. पडका संडास.

सुरक्षा विभागाच्या माणसाकडून हवेची टाकी पाठीला बांधून घेतली, मुखवटा चढवला, आणि तो माणूस सोबत आला. अठ्ठावन्नाव्या वर्षी रमाकांत धावले. वारा उलट्या दिशेचा होता हे नशीब. मुकुंद संडासाच्या दाराबाहेर भिंतीला टेकून बसला होता, डोळ्यांतून पाणी, तोंडावर रुमाल. उठायचं त्राण नव्हतं. ज्या यंत्राने त्याला शोधायचं त्यालाच चुकवायला तो एवढ्या लांब एकटा आला होता.

दोघांनी त्याला खांद्यांवर घेऊन मोकळ्या हवेत आणलं. रुग्णवाहिकेत घालताना त्याने रमाकांतचा हात धरला. काहीतरी पुटपुटत होता. रमाकांत वाकले.

"काका, दोनच मिनिटं बसलो होतो," मुकुंद म्हणाला. "सांगाल ना त्यांना?"

वायूने अर्धमेला झालेला माणूस, आणि त्याला भीती मरणाची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद लागला. नेहमीसारखाच, नेहमीच्या वेळी. मुकुंद: क्षेत्राबाहेर सव्वीस मिनिटं. रमाकांत शिर्के: जमण्याची जागा परवानगीशिवाय सोडली, एकोणीस मिनिटं, खुलासा द्यावा. कुणाच्या दुष्टपणाने हे लिहिलेलं नव्हतं, यंत्राने आपलं आपण लिहिलं होतं आणि एकाही जित्या माणसाने लावण्याआधी ते वाचलं नव्हतं. रमाकांतनी ते तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं.

त्या संध्याकाळी सुटल्यावर बस हायवे सोडून शहराकडे वळली तेव्हा रमाकांत उठले. पुन्हा पहिल्या सीटपासून सुरुवात केली. दांडा धरून ज्याच्या-त्याच्यासमोर थांबायचं आणि तेच सांगायचं.

"मी तुम्हाला सांगितलं होतं की हे कार्ड तुम्हाला शोधेल. ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं, पण सांगितलं मी."

कुणी "जवा दो ने, रमाकांतभाई", जाऊ द्या, म्हणालं, कुणी खिडकीबाहेर बघत राहिलं. एकाने विचारलं, मग आता करायचं काय.

रमाकांतनी खिशातून सतरा नंबरचा बिल्ला काढला. सकाळी घरून निघतानाच देवघरातून उचलला होता, का ते तेव्हा त्यांनाही सांगता आलं नसतं.

"उद्या गेटवर फळा लागेल. खिळे मी ठोकणार, कुणी अडवलं तरी. बिल्ले नसतील तर घराच्या किल्ल्या अडकवा. आणि जिथे जाल ते शेजारच्याला सांगून जा, संडासाला गेलात तरी. यंत्राला नाही, शेजारच्याला."

मग ते मुकुंदच्या रिकाम्या सीटपाशी आले; तो अजून दवाखान्यात होता. तिथेही तेवढाच वेळ थांबले, आणि मागच्या सीटकडे गेले.