निळ्या दोऱ्याची माळ

चतुराबाईच्या हातचं बन्सी सात वर्षं जेवला नव्हता. पोटचा पोरगा, एकाच खोलीत राहणारा, अन् रोज संध्याकाळी मुकुंदवाडीतल्या खानावळीचा डबा आणून भिंतीकडं तोंड करून खायचा! आई दुसऱ्या कोपऱ्यात भाकरी मोडायची. भांडण नाही, तंटा नाही. त्यापेक्षा चार शब्द बोलून मोकळा झाला असता तर बरं, असं तिला वाटायचं.

आधी ते अजिंठ्याच्या डोंगराखाली राहायचे. पावसाळ्यात अळंबी उगवली की चतुराबाई टोपलं घेऊन निघायची. वारुळावरची घ्यायची, बांधावरची नाही, अन् वारुळात गेलेल्या लांब मुळासकट उपटायची, हे तिला आईनं शिकवलेलं. मूळ नसेल ती टोपल्यात पडायची नाही. आसपासच्या गावांत तिच्या डोळ्यांवर भरवसा होता.

मग तो गुरुवार आला. तिचा उपवास, बन्सी शेंद्र्याला कंपनीत, तिकडंच राहणारा. सून सुरेखा एकटीच अळंबीची भाजी जेवली आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात तिनं जीव सोडला. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार! सासूनं सुनेला इख घातलं, असं बोलून मोकळे झाले सगळे. बन्सी आईला शहरात घेऊन आला, एवढंच.

शहरात ती एका कॉलेजात झाडलोट करू लागली. तिथं प्रेरणा नावाची पोरगी रानातल्या खायच्या अळंब्या गोळा करून त्यांच्या जाती शोधायची. फरशी पुसता पुसता चतुराबाई एकदा तिच्या ट्रेकडं बघून म्हणाली, "ती डावीकडची खाऊ नका बरं, बाई." निघाली विषारीच! तिथून दोघींची गट्टी जमली.

"मावशी, नुसत्या दिसण्यावर जाऊन चालत नाही," प्रेरणा सांगायची. "प्रत्येक जिवाच्या आत डीएनए असतो, चारच अक्षरांचा लांबच लांब मजकूर. त्यातला एक तुकडा यंत्रावर वाचायचा अन् आधीच्या नोंदींशी ताडून बघायचा. अळंबी सुकू दे, काळी पडू दे, जात कळतेच."

"सात वर्षं सुकलेली असली तर?"

"बघता येईल की."

दुसऱ्या दिवशी चतुराबाईनं पत्र्याचा डबा आणला. त्या गुरुवारच्या उरलेल्या अळंब्या माळा करून चुलीवर धुराला टांगलेल्या होत्या. सुरेखा गेल्यावर फेकाव्यात तर ढोरं खातील, म्हणून तिनं न बघताच त्या डब्यात कोंबल्या. पुन्हा झाकण उघडायची तिची छाती झाली नाही.

"चांगल्या व्हत्या म्हणून कागदावर लिहून दे, बाई. बन्सीला दाखवीन. एक घास खाऊ दे माझ्या हातचा, मग मेले तरी चालंल."

त्या अळंब्या तपासायला दिल्यात, हे बन्सीलाही तिनं सांगून ठेवलं.

महिन्याभरानं प्रेरणा कागद नाचवत आली. "मावशी, काळ्या दोऱ्याची माळ सगळी वारुळाची, खायचीच! विषारी निघाल्या त्या निळ्या दोऱ्याच्या माळेतल्या. तुम्ही सुटलात!"

"निळा दोरा?"

चतुराबाईनं ती माळ हातात घेऊन बघितली. तिच्या माळा कायम काळ्या दोऱ्याच्या. हा मशीनचा दोरा. सुरेखा ब्लाउज शिवायची. त्या माळेतल्या अळंब्या बुडाशी कापलेल्या, एकीलाही मूळ नाही.

त्या सकाळी सुरेखा मागं लागली होती, "आत्याबाई, मलाबी न्या ना डोंगरात. शिकवा की." अन् ही खेकसली होती, "तुला काय कळतंय त्यातलं! शिवण बघ तुझं." पोरगी एकटीच बांधाला गेली असणार. मलाही येतं, हे सासूला दाखवायला. थोड्या भाजीत घातल्या, उरलेल्यांची सासूसारखीच माळ करून टांगली. दाखवायची तेवढी राहून गेली.

"अगं माझे बाई गं," म्हणत चतुराबाई त्या फरशीवर ओक्साबोक्शी रडली. प्रेरणाला कळेना, सुटलेलं माणूस असं का रडतंय.

संध्याकाळी बन्सीनं आपणहून विचारलं. सात वर्षांत पहिल्यांदा. "कळलं का काही?"

कागद कनवटीला होता. नुसता काढून हातात द्यायचा होता. पण गेलेल्या पोरीचं मरण तिच्याच माथी मारायचं? अन् तिला शिकवलं नाही ते कुणी?

"कळलं," ती म्हणाली. "माझ्याच हातच्या व्हत्या रे. चूक माझीच झाली."

मग भिंतीकडं तोंड करून त्यानं खानावळीचा डबा उघडला.