आईच्या पाठीचे दोन फोटो

हाडांची घनता मोजायला गेले की आधी मला वजनकाट्यावर उभं करतात. मागच्या वेळेपेक्षा वजन फार बदललं असेल तर आलेल्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही, म्हणतात. मी सगळं खरं सांगते. आमच्या घरात ही सुधारणा माझ्यापासून आहे. माझी आई डॉक्टरांशी धडधडीत खोटं बोलली होती.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. माझी आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्या वेळी सातव्या महिन्यात मी समुद्रपूरजवळच्या आमच्या गावी, माहेरी आले. आईनं बाज नव्यानं विणून घेतली होती, डिंक आणून ठेवला होता. तिची एकच हौस होती, नातवंडाला आपल्या पायांवर घेऊन न्हाऊ घालायची.

आणि नेमकी तिची पाठ धरली. वर्षभरापूर्वी ती बैलगाडीतून पडली होती, तेव्हा वर्ध्याच्या एका दवाखान्यात पाठीचा फोटो काढला होता. एक्स-रेला आमच्याकडे फोटोच म्हणत. तो जुना फोटो घेऊन आम्ही दोघी एसटीनं तिथंच गेलो. डॉक्टर तरुण, पुण्याकडचे. त्यांनी विचारलं, "जेवण नीट आहे ना, मावशी? वजन उतरलं का?"

"नाई जी. बरोबर जेवतो मी."

मग मागच्या वेळी मशीन जेवढ्यावर लावलं होतं, तेवढ्यावरच लावून नवा फोटो काढला. मी पोटुशी, म्हणून बाहेर थांबले. आत बोलावलं तेव्हा डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. नव्या फोटोत मणके अगदी पुसट दिसत होते.

"हाडं फार विरळ झालीत. खाली बसायचं नाही, काही उचलायचं नाही."

"लेकरू बी नाई?"

"बाळ तर मुळीच नाही."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला तिच्याकडे बघवेना. ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण मला हसवायला तिनं दोन्ही फोटो खिडकीशी धरायला लावले आणि म्हणाली, "पाहा वं, जुन्या फोटोत मणक्याच्या बाजूनं मांस दिसून राह्यलं. नव्यात तं काहीच नाई. कुठी गेलं मायं मांस?"

दाखवायला तिनं हात वर केला आणि बांगड्या घरंगळत कोपरापर्यंत गेल्या. पूर्वी त्याच बांगड्या साबण लावल्याशिवाय हलत नसत.

"माय, तू जेवून नाई राह्यली काय?"

"नवस असा सांगत नसतेत."

"कायचा नवस?"

तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं. मी सुखरूप बाळंत होईपर्यंत ती दिवसातून एकदाच जेवत होती. नऊवारीच्या घेरात ते झाकून गेलं होतं. मला तिचा असा राग आला, आणि इतकी माया आली, की दवाखान्यातच रडू फुटलं.

डॉक्टर मात्र फोटोच बघत होते. मग त्यांनी कपाळावर हात मारला. जाड अंगाच्या हिशेबानं सोडलेले किरण वाळलेल्या अंगातून जास्तच आरपार गेले होते, म्हणून फोटो काळा पडला आणि हाडं होती त्याहून विरळ दिसली. "काट्यावर उभं करायला हवं होतं मी तुम्हाला," ते म्हणाले. मशीनचा जोर कमी करून पुन्हा फोटो काढला. मणके जुन्या फोटोसारखेच ठळक आले.

"तुमची पाठ उपाशी आहे, मावशी. पोटभर जेवा आणि खुशाल न्हाऊ घाला बाळाला."

परतीच्या एसटीत मी तिच्याशी भांडले. तिनं एक ऐकलं नाही. "तू मोकळी हो, मंग जेवतो," एवढंच बोलली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

मुलगी झाली. आई पाटावर बसली, पाय लांब केले, मी तिच्या नडग्यांवर बाळ ठेवलं. तोंडावर पाणी पडायच्या आतच पोरीनं टाहो फोडला. आईनं तिच्या पाठीखाली आपला तळवा सरकवला.

"टोचून राह्यलं काय वं बाई? रडू नको. आता दोन्ही येळा जेवतो नं मी."