अक्का माघारी जाते का

मे महिन्यातला दुसरा रविवार. हजर: मी, कुरुंदवाडहून आलेली माझी थोरली बहीण, म्हणजे अक्का, आणि तिची सून. गैरहजर: माझे यजमान. फुटबॉलची मॅच होती, आणि शिवाजी पेठेत राहणाऱ्या माणसाला मॅच असताना घरी थांबवता येत नाही.

मी हायस्कूलमध्ये हिंदी शिकवते आणि गोष्टीही हिंदीतच लिहिते. कुणी विचारलं तर सवय म्हणून सांगते. खरं कारण बहुधा हे, की आमच्या नात्यात कुणी हिंदी पुस्तक उघडत नाही. मराठीत लिहिलं असतं तर पानापानाला कुणीतरी जाब विचारायला आलं असतं.

नवं पुस्तक आलं की पहिली प्रत अक्काकडे जाते. ती ते नृसिंहवाडीला नेऊन पादुकांपुढं ठेवते, अंगारा लावते आणि कपाटात ठेवून देते. या वेळी वाडीहून परतताना रिक्षात सुनेनं सहज एक पान वाचलं. पानावर एक बाई पहाटे पाण्याचा बंब पेटवत होती आणि धुरानं भरलेले डोळे पुसत स्वतःशीच भांडत होती. सून म्हणाली, "आत्ती, ह्या तुम्हीच की."

म्हणून अक्का आली. कवठाच्या बर्फीचा पुडा ठेवला, पुस्तक माझ्या हातात दिलं, मराठीत वाच म्हणाली आणि पाय पसरून बसली.

वर्गात मी रोज हेच करते. इथं मात्र पहिल्याच पानावर अडखळले. गोष्टीतली बाई सासूला मोजक्या, दुखऱ्या शब्दांत उत्तर देते. मराठीत ते शब्द अक्काला बसेनात.

"आसं बोललो मी? हिंदीत लई शाणी झालोय की."

सून हसली, अक्काही हसली. मग अक्कानं त्या दिवशी सासूला खरं काय सुनावलं होतं ते सांगितलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण माझ्या वाक्यापेक्षा बरं होतं.

पुढं ती बाई कापडी पिशवी भरते आणि कुणाला न सांगता माहेरची एसटी धरते. अक्का हसायची थांबली. तीही एकदा अशीच आली होती. मी तेव्हा शाळेत होते. आईनं तिला पोटभर जेवू घातलं, ओटी भरली आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं. त्यावर घरात पुन्हा कुणी बोललं नाही. माझ्या गोष्टीतली बाई मात्र, अजून वाचायच्या राहिलेल्या पानांत, माहेरीच राहते, शिकते, शिक्षिका होते.

"मग? माघारी जाती का न्हाय ती?"

सुनेनं बहुतेक शेवट आधीच वाचला होता. ती चहा टाकायला उठली. मी घड्याळाकडे बघून गाडीची वेळ झाली म्हणाले. गाडीला अजून अवकाश होता.

लिहिताना वाटलं होतं, मी तिला सोडवतेय. पण अक्का माघारी गेली म्हणून तिला मुलगा झाला, म्हणून तर ही सून आत चहा करत होती. मी अक्काला सोडवलं, की तिचा सगळा संसारच खोडून टाकला? आणि तिला नक्की कोणतं उत्तर ऐकायचं होतं, तेही मला कळलं नाही.

निघताना तिनं पुस्तक नेलं नाही. "वाचून झालं की नेतो," एवढंच म्हणाली. सुनेला विचारलं तर ती घडाघडा सांगेल. पण अक्का तिला विचारत नाही. माझी वाट बघते.

अंगारा लागलेली ती प्रत माझ्या टेबलावर आहे. शाळा उघडायच्या आधीची कामं: वह्यांना कव्हरं, झाली. वार्षिक नियोजन, झालं. गॅस शेगडीची दुरुस्ती, झाली. अक्काला शेवटची पानं मराठीत वाचून दाखवणं, राहिलंय.