छाप पाच

डोंबिवलीला राहणाऱ्या माझ्या मावसभावाच्या ऑफिसातल्या कुणीतरी परदेशातून एका खेळाचं पुस्तक आणलेलं. त्याची झेरॉक्स मावसभावाकडे आली आणि त्या झेरॉक्सची झेरॉक्स माझ्याकडे. काही पानांवर अक्षरांपेक्षा डागच जास्त होते. ऐंशीच्या दशकाची अखेर होती, मी नुकताच कॉलेजला जायला लागलो होतो आणि त्या पानांनी मला पार नादावलं.

खेळ असा, की एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. समोर नदी आहे, पूल तुटलाय, काय करता? ज्याला जे सुचेल ते तो करू बघतो, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. पट नाही, सोंगट्या नाहीत, शेवटी कुणी जिंकतही नाही. माझे वडील एका रविवारी बराच वेळ उभं राहून आमचा खेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "मग डाव सुरू कधी होणार?"

ठाण्याला, वर्तकनगरात, आमच्या इमारतीच्या जिन्याखाली थोडी मोकळी जागा होती. तिथे सतरंजी टाकून आम्ही बसायचो. पुस्तक माझं, म्हणून सूत्रधार मी. यात काही अन्याय आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. खेळणारे तिघं. एक माझी धाकटी बहीण. दुसरा तळमजल्यावरचा मित्र, ज्याच्या तावडीत सापडलेला पोस्टमन बाकीची पत्रं विसरायचा. आणि तिसरा माझ्या वर्गातला, कळव्याच्या खाडीकाठचा, कोळ्यांच्या घरातला. तो पुलावरून सायकल मारत यायचा, येताना कधी सुक्या जवळ्याची पुडी आणायचा, आणि तो बोलताना अडखळायचा. एखादं अक्षर घशात अडकायचं, मान ताठ व्हायची, नजर बाजूला जायची. वर्गात हजेरीला तो नुसता हात वर करायचा. पुढे त्याचं बोलणं मी सलगच लिहितोय. मधले थांबे त्याचे होते, ते त्याच्याकडेच राहू देत.

प्रत्येक माणसाला सहा गुण असायचे. ताकद, चपळाई, दम, अक्कल, शहाणपण आणि समोरच्यावर छाप पाडायची कला, म्हणजे छाप. अक्कल आणि शहाणपण वेगळे कसे, यावर एक आख्खी दुपार गेली. शेवटी बहिणीने निकाल लावला. "किल्ली विसरली की घरात शिरता येत नाही हे कळणं म्हणजे अक्कल. ती खिशात टाकणं म्हणजे शहाणपण. दादाला पहिली आहे."

अडचण फाशांची होती. पुस्तकातले वीस बाजूंचे फासे ठाण्यात मिळायचे नाहीत, आणि ल्युडोचा फासा पहिल्याच आठवड्यात गटारात गेला. तेव्हा बहिणीने आईच्या डब्यातले चिंचोके आणले, मधोमध फोडले, फरशीवर घासले आणि सहा अर्धुकं तयार केली. एक बाजू पांढरी, एक काळपट. सहा चिंचोके म्हणजे एक फासा, असा आमचा साधा हिशेब. ते उधळायचे आणि पांढरे मोजायचे. गुण ठरवायचे तेही असेच. मग खेळताना तुमचा गुण जेवढा, तेवढे किंवा त्याहून कमी पांढरे पडले तर काम जमलं. जास्त पडले तर फसलं.

हा हिशेब चुकीचा होता हे मला पुढे कॉलेजात गणिताच्या तासाला कळलं. ल्युडोच्या फाशावर एक आणि सहा दोन्ही सारखेच पडतात. चिंचोके मात्र बहुतेक वेळा दोन, तीन, चार असेच पडतात. सगळे पांढरे किंवा सगळे काळे क्वचित. त्यामुळे आमच्या खेळात गुणांचे आकडे फाशाच्या मानाने फारच वजनदार झाले. ज्याच्या वाट्याला एक आला तो जवळपास गेलाच. ज्याला पाच मिळाले त्याला अडवायला सहाही पांढरे पडायला हवेत.

तळमजल्यावरच्या मित्राला ताकद पाच मिळाली आणि छाप एक. कळव्याच्या मित्राला छाप पाच.

"फुकट गेले रे तुझे पाच," तळमजल्यावरचा म्हणाला. "मला दे, माझी ताकद घे."

"नाही देणार," कळव्याचा म्हणाला. त्याने तो आकडा माझ्याकडून दोनदा वदवून घेतला. इतका खूश तो मला कधी दिसला नव्हता.

पण मी त्याला तो आकडा वापरू दिला नाही. तळमजल्यावरच्या मित्राने एकदा गोष्टीतल्या गढीच्या दारावरच्या पहारेकऱ्याला आपल्या आजारी म्हशीची अशी काही हकिगत सांगितली, की मी हसून हसून चिंचोके न टाकताच त्याला आत सोडला. छाप एक असूनही. पुढच्या रविवारी बहीण गोष्टीत जी बाई झाली होती तिला गढीच्या कोठडीत टाकलं. तिला सोडवायला कळव्याचा मित्र पुढे सरकला. "मी पहारेकऱ्याला पटवतो," म्हणाला आणि त्याने चिंचोके मुठीत घेतले.

"थांब," मी म्हटलं. "आधी काय बोलतोस ते बोलून दाखव."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग सुरुवात केली. पहिलाच शब्द अडला. मी वाट बघितली, पण वाट बघतोय हे त्याला दिसेल अशी. तळमजल्यावरचा वर जिन्याकडे बघायला लागला. आणि मी, गोष्ट रेंगाळू नये म्हणून, म्हणालो, "पहारेकरी कंटाळून निघून गेला."

त्याने मुठीतले चिंचोके एकेक करून सतरंजीवर ठेवले आणि सायकल काढली. पुढच्या रविवारी तो आला नाही.

मला अपराधी वाटायला तसं फार कारण लागत नाही. रिक्षावाल्याने रस्ता चुकवला तरी मीच त्याची माफी मागतो. पण त्या रविवारी मी पोहे घेऊन बसलो तेव्हा कारण खरोखरच होतं. बहीण आपलं ताट घेऊन शेजारी येऊन बसली.

"तळमजल्याची ताकद पाच आहे ना? त्याला गच्चीवरची टाकी उचलून दाखवायला सांगितलीस कधी?"

"त्याचं वेगळं असतं."

"काय वेगळं? त्याला साधी पाण्याची कळशी दुसऱ्या मजल्यापर्यंत नेववत नाही. तरी गोष्टीत त्याने दरवाजा उखडला तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास. मग ह्यालाच का बोलून दाखवायला लावलंस?"

मी ताट ठेवून उठलो.

संध्याकाळी सायकल घेऊन पूल ओलांडला. त्याच्या दारात त्याची आई सुकवलेले बोंबील गोळा करत होती. "ये रं बाला. त्यो मागं जालं शिवतंय. भांडलाव का रं तुमी?"

"माझीच चूक झाली, काकी."

"मंग त्याला जाऊन सांग. माना सांगून काय होनार?"

तो मागच्या पडवीत होता. मी माफीचं लांबलचक भाषण तयार केलेलं, ते त्याने अर्ध्यात तोडलं.

"किती बोलतोस रे. जाळं धर त्या टोकाने."

मी धरलं. तो शिवत राहिला. दोरा ओढत म्हणाला, "मला रोज बोलून दाखवायला लागतं. बसमध्ये, कॅन्टीनमध्ये, सगळीकडे. एका ठिकाणी मला पाच मिळालेले."

"पुढच्या वेळी तुझं बोलणं मी सांगेन. किंवा नुसतेच चिंचोके टाक."

"माझं बोलणं तू कशाला सांगशील? पहारेकऱ्याला काय सांगायचं ते मी ठरवणार. ते त्याला कसं वाटलं ते चिंचोके ठरवतील. तू फक्त मधे येऊ नको."

तेव्हापासून तोच नियम झाला. नुसता आकडा पुरेसा नाही, कारण काय करायचं हे माणसालाच सुचावं लागतं. पण सुचलेलं पार पाडणं आकड्याचं काम. मग तो दरवाजा असो की पहारेकरी.

रविवारी तो आला. बहीण अजून कोठडीतच होती. त्याने मोजक्या शब्दांत सांगितलं, की पहारेकऱ्याच्या गावाकडची खूण सांगायची, ओळख काढायची आणि किल्ली मागायची. युक्ती झकास होती. मग त्याने मूठ हलवली आणि चिंचोके उधळले.

सहाही पांढरे.

आम्ही चौघंही वाकून बघत राहिलो. इतक्या दिवसांत असं कधीच पडलं नव्हतं. मी पटकन हात पुढे केला. "हा एक तिरका पडलाय. परत टाक."

त्याने माझं मनगट धरलं. "नाही. पडले ते पडले."

आणि तो हसायला लागला. आधी आवाज न करता, मग खांदे हलवत, मग मोठ्याने. "पाच छाप असून सहाही पांढरे. असं काय बोललो असेन मी त्याला?"

"त्याच्या बायकोची चौकशी केली असशील," तळमजल्यावरचा म्हणाला.

"त्याच्या मिशा बघून काकी म्हणालास," बहीण म्हणाली.

"नाही, थांबा," तो म्हणाला. "मी सांगतो काय झालं." आणि तो सांगायला लागला. चुकीच्या गावाची खूण कशी सांगितली, त्या गावाने पहारेकऱ्याचा बैल कसा चोरलेला, आणि तरीही आपण किल्ली कशी मागत राहिलो. मधे अक्षरं अडत होती, मान ताठ होत होती, पण तो थांबला नाही आणि कुणी जिन्याकडे बघितलं नाही. जे बिघडायचं ते आधीच बिघडलेलं होतं. सगळं सांगून व्हायला बराच वेळ लागला. या वेळी पहारेकरी शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला आणि मग त्याने ह्यालाही धरून आत टाकला.

"वा," बहीण म्हणाली. "आता सरकून बस. कोठडी लहान आहे."