झाकणावरचा दाणा

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेठेत चहा घेत होतो. पहिला विचार आला, हा गडी माझी फिरकी घेतोय! त्याची खोडच तशी... पण फोनवर त्याचा मेहुणा होता, आणि तो रडत होता. महिना उलटला, तरी विलास आठवला की आधी हसूच येतं.

बोरी बुद्रुकला राहूनच सॉफ्टवेअर करायचं, हा त्याचा हट्ट. मीही सामील झालो. पहिलंच काम एका रोपवाटिकेचं. ते फसलं तर दोघांनी पुण्याला नोकरी धरायची, असं ठरलेलं. आमची प्रोग्रामिंगची भाषा मोठी सोवळ्याची. आकडा, तारीख, मजकूर, ज्याचा त्याचा प्रकार आधी सांगा, मगच आत या. विलासने युक्ती केली. डिक्शनरी, म्हणजे नावानिशी वस्तू ठेवायची जागा, घेतली आणि 'काहीही चालेल' म्हणून तिच्यात सगळंच कोंबलं. आत जाताना सगळं सुरळीत. बाहेर काढताना मात्र प्रकार सांगावाच लागतो!

दाखवायच्या दिवशी रोपवाटिकेचे मालक नामदेवभाऊ स्वतः कीबोर्डवर बसले. रोपं किती? त्यांनी लिहिलं, 'दोन ट्रे'. प्रोग्राम आकडा मागत होता, हाती आला मजकूर. झोपला की तिथंच!

"आमी ट्रेनंच इकतो की राव," भाऊ म्हणाले. "उद्या या परत."

तोंडं पाडून विलासच्या घरी आलो. सुशीलावहिनींचे डबे सगळे एकसारखे, पण प्रत्येक झाकणावर आतलाच एक दाणा खळीनं चिकटवलेला. मी पोह्यांसाठी भलताच डबा उघडला.

"भावजी, आधी दाणा बघा, मग उघडा की!"

विलास ताडकन उठला. वस्तू बाहेर काढण्याआधी तिचा प्रकार विचारायचा. आकडा असेल तर बेरीज, मजकूर असेल तर अदबीनं सांगायचं, 'भाऊ, ट्रे नको, रोपं सांगा.' दुसऱ्या दिवशी भाऊंनी मुद्दाम पुन्हा 'दोन ट्रे' लिहिलं, पडद्यावरचं वाक्य वाचलं आणि पोट धरून हसले. काम मिळालं. आम्ही बोरीतच राहिलो.

परवा वहिनींना भेटायला गेलो. म्हणाल्या, "तेवढी मटकी द्या काढून." मटकीचा दाणा लावलेले दोन डबे होते. मागचा उघडला, तर आत शेव! पित्तामुळे विलासला बंद केलेली. जन्मभर मला 'आधी तपास' म्हणून शिकवणारा हा बाबा, घरात खोटा दाणा लावून बसला होता. मी हसत सुटलो आणि हसता हसता रडू फुटलं.

"त्येंना वाटायचं, मला म्हाईत न्हाई," वहिनी म्हणाल्या. "शेव संपत कशी न्हाई, येवढं तरी इचारायचं व्हतं..."

डबा काठोकाठ भरलेला होता.